आयत्या वेळचा विषय

पाटीलबाईंसमोर ‘कुणीतरी’ हा शब्द काढायची सोय नव्हती. स्टाफरूममध्ये एखादा सहज म्हणाला, “कुणीतरी माझा डस्टर नेला हो,” की बाई पेपरांतून डोकं वर काढायच्या. “कुणीतरी म्हणजे कोण? त्याला आईबाप हाईत का न्हाईत? आभाळातनं पडलं आणि डस्टर घेऊन गेलं व्हय?” एकदा खुद्द हेडमास्तर म्हणाले, “संस्थेत काही लोकांचं असं मत आहे की...” बाई म्हणाल्या, “नावं सांगा की सर. मत हाय म्हणजे त्याला तोंड बी असंल.” तेव्हापासून बाई समोर असल्या की हेडमास्तर ‘माझं मत’ असंच म्हणायला लागले आणि आमच्या मीटिंगा लवकर उरकायला लागल्या.

मी त्याच शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट, कोल्हापुरातलं मध्यम हायस्कूल. बाई इतिहास शिकवायच्या. ठेंगणी, भरलेली मूर्ती, नऊवारी नेसणाऱ्या आईची सहावारी नेसणारी मुलगी, पायात करकरणारी चप्पल. ती चप्पल जिन्यावर वाजली की वरचा मजला आपोआप गप्प व्हायचा. कोल्हापूरच्या बायकांसारखं त्याही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलायच्या, आणि पुण्याहून आलेले एक इन्स्पेक्टर त्यावर हसले तेव्हा त्यांना चहा न पाजता वाटेला लावलं होतं. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर “वेळ झाला न्हाई” एवढंच उत्तर. मंगळवार पेठेत दोन खोल्या, आणि शिरोळ तालुक्यात नदीकाठी गाव. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की बाकीच्या गावांतली माणसं हुश्श करतील, आपलं नव्हे म्हणून. त्यांना हुश्श करू द्यायची माझी इच्छा नाही.

बाई काय चीज होत्या ते मला पन्हाळ्याच्या सहलीत कळलं. नववीच्या वर्गानं वाटेतल्या एका पेरूच्या बागेत धुडगूस घातला. फांद्या मोडल्या, कच्चे पेरू तोडून एकमेकांना मारले. बागवान रडकुंडीला येऊन गाडीपाशी आला. आम्ही विचारलं, कोण होतं? वर्ग गप्प. शेवटी एक चलाख पोरगा म्हणाला, “आम्ही सगळेच होतो सर.” मला वाटलं, चला, प्रामाणिक आहेत. मी मिटवायला निघालो, तर बाई भडकल्या.

“सगळेच म्हंजे कोणच न्हाई! लई सोपं हाय ते. गाडीतनं उतरा. एकेकानं ह्या मामांपुढं यायचं आणि आपण काय केलं तेवढंच सांगायचं. दुसऱ्याचं नाव घेतलं तर मुस्काट फोडीन.”

मग ती वरात सुरू झाली. “मी फांदी मोडली.” “मी चार खाल्ले.” “मी फेकून मारला.” शेवटी एक मुलगी आली आणि म्हणाली, “मी काही केलं नाही. मी नुसती बघत होते.” बाई म्हणाल्या, “ते बी सांग त्यांना. बघत हुतो म्हणून सांग.” ती मुलगी मात्र रडली. पन्हाळा आम्हांला त्या दिवशी दिसलाच नाही, आणि मी परत येईपर्यंत बाईंवर धुमसत होतो. एवढ्याशा पेरूंसाठी काय हा तमाशा, असं माझं मत होतं आणि ते मी नाव घेऊन सांगितलंही. बाई म्हणाल्या, “सुतार सर, माणसं ह्येच शिकत्यात बगा. घोळक्यात शिरायचं आणि घोळक्यातच लपायचं.”

त्यांच्या दुसऱ्या महायुद्धाच्या धड्याची शाळेत ख्याती होती. तह, तारखा, सेनापती हे सगळं त्या भराभरा उरकायच्या. मग खडू खाली ठेवायच्या. जर्मनीतल्या छळछावण्यांबद्दल सांगायच्या. माणसं आगगाडीत कोंबून नेली ते, भट्ट्यांचं ते. युद्ध संपता संपता जवळच्या गावातल्या लोकांना अमेरिकन फौजेनं ती छावणी बघायला नेलं, हेही सांगायच्या. “आणि ती माणसं काय म्हणाली? आम्हांला काय म्हाईतच न्हवतं. आता मला सांगा पोरांनो, आगगाडी कुणी चालवली? रूळ कुणी दुरुस्त केलं? धूर गावावरनं जात हुता, तो दिसत न्हवता व्हय?” दरवर्षी वर्ग गप्प बसायचा, दरवर्षी बाई म्हणायच्या, “विचार करा,” आणि तास संपायचा.

एका वर्षी मात्र मागच्या बाकावरनं उत्तर आलं. सुजाता कांबळे नावाची मुलगी होती, अबोल, अक्षर सुंदर. ती उभी राहून म्हणाली, “दिसत असणार बाई. आमची आज्जी सांगते, तुमच्या गावात आमचं घर जळत होतं तेव्हा तुमच्या माडीवरनं बायका बघत होत्या.”

मी शेजारच्या वर्गात होतो. मधली भिंत म्हणजे लाकडी फळ्यांची, सगळं ऐकू यायचं. माझा वर्गही कान देऊन बसला. मग बाईंचा आवाज आला. तो नेहमीसारखाच मोठा होता.

“खरं हाय. त्या बायकांत मी हुतो. कॉलेजात जात हुतो तवा. खाली बस बाळा.”

त्या संध्याकाळी बाईंनी मला सगळं सांगितलं. धर्मांतरानंतर त्यांच्या गावच्या बौद्धवाड्यातली तरुण पोरं शिकायला लागली आणि एका साली त्यांनी ठरवलं, जत्रेत देवापुढं हलगी वाजवायची नाही. गावाला ते झोंबलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी गावातली माणसं चालून गेली आणि वाडा पेटवला. गंगूबाईचा, म्हणजे सुजाताच्या आज्जीचा, दीर महादू अंथरुणाला खिळलेला होता. तो आतच राहिला. बाकीची घरं नेसत्या वस्त्रानिशी कोल्हापूरला आली. खटला झाला, आणि साऱ्या गावानं एकच साक्ष दिली: आम्ही शेतात होतो.

“जत्रेच्या दुसऱ्या दिवशी!” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी शेतात कोण जातंय सर? आदल्या दिवशीचं मटण ऊन करून खायाचं आणि कुस्त्या बघायच्या. बैल सुदिक शेतात जात न्हाई. साऱ्या तालुक्याला म्हाईत हाय, पण जज्जसाहेब पडला लांबचा. सुटली सगळी.”

“आणि तुमचे वडील?”

“रॉकेलचा डबा आमच्या परड्यातनं गेला. माझ्या डोळ्यांदेखत.”

वडील केव्हाच वारले होते. मी म्हटलं, आता काय करणार? बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी चहाच्या कपात तोंड घातलं. दुसऱ्या दिवशी त्या सुजाताच्या घरी निघाल्या, आणि माझ्याकडं स्कूटर होती हा माझा गुन्हा.

गंगूबाई शहराच्या कडेला दोन खोल्यांत मुलाजवळ राहायच्या. मुलगा वीज मंडळात होता. म्हातारी काटक, पांढरं पातळ, समोर निवडायला घेतलेले तांदूळ. बाई जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “मावशी, मी पाटलांची इंदू. मी माफी मागायला आलोय.” असं म्हणून त्या पायाला हात लावायला वाकल्या. गंगूबाईंनी पाय मागं घेतले. रागानं नव्हे, शांतपणे.

“जाळायला समदं गाव आलतं. माफी मागायला एकटीच आलीस व्हय?”

बाईंनी पुढं केलेले हात मांडीवर घेतले. 

“तुझ्या एकटीच्या माफीचं मी काय करू, बाई? उद्या गाव म्हणंल, पाटलाची पोर जाऊन आली, मिटलं. न्हाई मिटलं. माझ्यापुढं गावानं बसावं आणि ज्यानं त्यानं सांगावं, म्या काय केलं. कोर्टात शेतात हुता न्हवं? मग आता गावात या म्हणावं.” मग त्यांनी तांदळाचं सूप पुढं ओढलं. “च्या घेऊन जावा.”

मी बाईंना परत घेऊन आलो. घराशी उतरल्यावर म्हणाल्या, “म्हातारी म्हणत्या ते बरोबर हाय. गावाला बोलायला लावायचं. ती हाय तवर.” मग चप्पल वाजवत जिना चढून गेल्या. पुढची सगळी वर्षं बाईंनी दुसरं काही केलं नाही, असं म्हटलं तरी चालेल.

ग्रामसभा कशी चालते ते मला त्यामुळे कळलं. झेंडावंदन होतं, पोरांना गोळ्या वाटतात, मग चावडीपुढच्या मांडवात सभा. गटारं, दिवाबत्ती, घरकुलं. शेवटी अध्यक्ष म्हणतात, “आयत्या वेळचे विषय,” आणि तोवर निम्मी माणसं चप्पल शोधायला लागलेली असतात. बाई नेमक्या तिथं उभ्या राहायच्या. पहिल्या वेळी सरपंच म्हणाले, “बाई, तुम्ही कोल्हापूरला ऱ्हाता.” बाई म्हणाल्या, “मतदारयादीत नाव हितंच हाय. मत मागायला येताय तवा कसं म्हाईत असतंय?” लोक हसले. मग बाईंनी बोलायला सुरुवात केली आणि हसू थांबलं.

“मी इंदुमती पाटील. बौद्धवाडा पेटवला तवा मी आमच्या माडीवर हुतो. बघत हुतो. खाली उतरलो न्हाई. रॉकेल आमच्या घरातनं गेलं, वडलांनी दिलं. कोर्टात मला कुणी बोलावलं न्हाई आणि मी आपणहून गेलो न्हाई. माझं एवढं हाय. आता ज्यांचं हाय त्यांनी सांगावं.”

कोण सांगतंय! “जुनी मढी कशाला उकरताय?” असं एकजण ओरडला. एक तरुण पोरगा तावातावानं म्हणाला, “आम्ही तवा जलमलो बी न्हवतो. आमचा काय संबंध?” बाई त्याच्याकडं वळल्या. “वडलांची जमीन वारशानं घेतलीस न्हवं? तवा म्हणालास व्हय, मी जलमलो न्हवतो, मला नगं? बौद्धवाड्याच्या जाग्यावर दूध संस्था बांधलीसा, तिथं रोज कॅन घिऊन जातोस. आणि संबंध काय म्हणून मलाच इचारतोस?” पोरगा खाली बसला. सरपंचांनी विषय तहकूब केला. पुढच्या सभेलाही तहकूब. त्याच्या पुढच्या सभेलाही.

बाईंचे थोरले भाऊ, आप्पा, दर सभेला मांडवाच्या खांबाला टेकून बसलेले असायचे. उंच, पिळदार, एकेकाळी मैदान मारलेले. त्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं. भाऊबीजेचं बोलावणं बंद झालं. बाई त्या दिवशी आमच्याकडं यायच्या, माझ्या बायकोनं केलेल्या करंज्या खायच्या आणि मोठमोठ्यानं बोलायच्या, नेहमीपेक्षा जास्त मोठ्यानं. एकदा मी विचारलं, “आप्पा होते का हो त्या घोळक्यात?” बाई म्हणाल्या, “त्याचं मी सांगणार न्हाई. ते त्यानं सांगायचं.” सभेतही त्यांनी जिवंत माणसाचं नाव कधी घेतलं नाही. लोक चिडवायचे, “घ्या की नावं! भावापासनं सुरू करा!” बाई आपलं तेवढं सांगून खाली बसायच्या. मला तो निव्वळ हट्टीपणा वाटायचा. नावं माहीत आहेत, तर फेका की तोंडावर! पण बाईंना चुगली नको होती.

मग गावानं तोडगा काढला, आणि तो फक्त आमच्याकडचीच माणसं काढू जाणोत. नवा सरपंच आला होता, मनानं चांगला गडी. त्याचं म्हणणं, पुढच्या जत्रेला बौद्धवाड्यातल्या सगळ्या घरांना आवतण द्यायचं, गंगूबाईंना साडी-चोळी, नारळ, आणि गावजेवण. तांबडा, पांढरा, सुकं. जेवून उठलं की भांडण मिटलं. आमच्या जिल्ह्यात बांधाचं भांडण असो नाहीतर मोडलेलं लग्न असो, असंच मिटतं. बाईंनी सांगून बघितलं, “आरं बाबा, त्यांनी जेवण मागितलंय व्हय?” पण बकरी आणून झाली होती.

गंगूबाई आल्या. इतक्या वर्षांनी त्या गावात पाऊल ठेवत होत्या. सोबत मुलगा आणि सुजाता, ती तोवर सरकारी दवाखान्यात नर्स झाली होती. मांडवात खुर्ची, गळ्यात हार, लाउडस्पीकरवर सरपंच, “झालं गेलं गंगेला मिळालं...” काहिलीतल्या रश्श्याचा वास असा सुटला होता की, खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ताटं मांडली. गंगूबाईंनी ताटाकडं बघितलं आणि विचारलं, “कोण काय बोलणार हाय का?”

“आधी जेवून घ्या की मावशी, निवतंय,” सरपंच म्हणाला.

“बोलल्यावर जेवतो.”

सगळी माणसं आपापल्या ताटात बघत होती. गंगूबाईंनी हार काढून खुर्चीवर ठेवला, आणि चालायला लागल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. बाई त्यांच्या मागोमाग उठल्या, आणि मीही उठलो, काय करणार. गावाला याचा राग आला तो वर्षानुवर्षं गेला नाही. घर जाळल्याचं कुणाला बोलायचं नव्हतं, पण “एवढं मटान केलतं, न खाता गेली” हे जो तो सांगत होता! संताप येतो मला अजून.

मला वाटलं, संपलं. एस. टी. स्टँडवर गंगूबाई बाईंना म्हणाल्या, “तू थांबू नगंस. ह्येंनी मटान घातलं म्हंजे ह्येंना भ्या वाटाय लागलंय. आता मी बी येत जाईन.” आणि खरंच, तब्येत बरी असली की त्या सभेला यायच्या, सुजाताचा हात धरून. बायकांच्या बाजूला कडेची खुर्ची. बोलायच्या नाहीत. बाई तेच चार शब्द बोलायच्या, अध्यक्ष तहकूब म्हणायचे, दोघी उठायच्या. बाई रिटायर झाल्या, साखर वाढली, गुडघे गेले, हातात काठी आली. माझी स्कूटर जाऊन जावयाची जुनी मोटार आली. मी म्हणायचो, “बाई, पुरे आता.” त्या म्हणायच्या, “तुम्ही गाडीत बसा की सर. भाषण तुम्हाला करायचंय व्हय?”

बाई आता नाहीत. दोन हजारनंतरच्या दशकात, एका पावसाळ्यात त्या गेल्या. मी तेव्हा पुण्याला मुलाकडं होतो, वेळेवर पोचू शकलो नाही. त्याची हळहळ आहे, पण फार नाही, कारण त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच वर्षीच्या सव्वीस जानेवारीला, आणि त्याहून चांगलं बघणं मला मिळालं नसतं.

त्या दिवशी बाईंना उभं राहायला वेळ लागला. काठी सावरेपर्यंत अध्यक्ष म्हणालेही, “विषय नसतील तर...” तेवढ्यात खांबापाशी आप्पा उठले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा बाहेर निघाला. पण ते मधे आले. उंच माणूस, पाठीत वाकलेला. बहिणीकडं बघून म्हणाले, “दर टायमाला मी हितं येऊन बसतोय. दर टायमाला वाटतंय, आज ही माझं नाव घेती. तू घेतलं न्हाईस. एकदाचं घेतलं असतंस तर भांडलो असतो, सुटलो असतो. लई तरास दिलास इंदे.”

मग ते गंगूबाईंकडं वळले.

“महादूच्या दाराला भायरनं कडी मी लावली. आत कोण हाय ते मला म्हाईत हुतं. तो खोकत हुता. मला ऐकू आलतं.”

 मी बाईंकडं बघितलं आणि मला कळलं, हे त्यांना माहीत नव्हतं. रॉकेलपर्यंतच माहीत होतं.  इतकी वर्षं ज्या माणसाचं नाव घ्यायचं टाळलं, त्याच्याकडं हे होतं.

गंगूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. तो काढला. “त्याला तान लागली हुती,” त्या म्हणाल्या. “मी नदीला पाणी आणाय गेलतो. मला इतकी सालं वाटतंय, जाताना मीच दार वडून कडी घातली का काय.”  सुजातानं त्यांना जवळ घेतलं. आप्पा तसेच उभे होते. माफ केलं असं गंगूबाई म्हणाल्या नाहीत, आणि आप्पांनीही ते मागितलं नाही.

सरपंच घाबरला होता. तो माईक ओढून म्हणाला, “बरं, आता राष्ट्रगीत घेऊ आणि सभा...” माणसं भराभर उठायला लागली. खुर्च्या वाजल्या.

तेव्हा बाई चालत मधे आल्या. काठी टेकत, एकेक पाऊल टाकत, त्या भावाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्याचा हात धरला नाही, त्याच्याकडं बघितलंही नाही. गावाकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि वर्गात लावायच्या तो आवाज लावला.

“बसा खाली सगळी. विषय आत्ता सुरू झालाय.”

आणि माणसं बसली.